बट्टा कोणाच्या माथी?

एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट आणि पै एकशे ब्याण्णव! आज ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांना हा हिशेब झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पै, पैसा, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली आणि सगळ्यांच्या वर बंदा रुपया. एवढा गोतावळा कनवटीला बांधून आपल्या आज्या बाजारहाट करत होत्या आणि भाजीवालीला एक पैसुद्धा जास्त जाऊ देत नव्हत्या. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हा गोतावळा हळूहळू पांगला.

गंमत अशी, की घराच्या दारातून गेलेला हा गोतावळा आता खिडकीतून परत येतोय. मुलांच्या संगणकात आणि मोबाइलमध्ये काल्पनिक राज्यांचे जे खेळ असतात, त्यांतून.

ज्यांच्या घरी नातवंडं किंवा कॉलेजात जाणारी मुलं आहेत, त्यांना हे खेळ ओळखीचे असतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळणारा एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. मग डोंगरदऱ्या तुडवत गावोगाव फिरायचं, राक्षसांशी लढायचं, त्यांच्या गुहेतली नाणी गोळा करायची आणि गावात परत येऊन तलवार, औषध, भाकरी विकत घ्यायची. जुन्या अद्भुत गोष्टींत असतं तसंच हे सारं. फरक एवढाच, की गोष्टीतला राजपुत्र बाजारात घासाघीस करत नाही आणि यांना ती करावी लागते.

असा एक खेळ बनवायचं आमच्या रायपुरातल्या तीन तरुणांच्या मनात आहे. तिघंही घरी मराठी बोलतात, भांडतात मात्र हिंदीत. भांडण कशावरून, तर त्यांच्या राज्यात नाणी किती प्रकारची असावीत यावरून. एकाचं म्हणणं, तांब्याचं, चांदीचं, सोन्याचं अशी उतरंड हवी, त्याशिवाय जुन्या राज्याचा वास येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, एकच नाणं पुरे; खेळायला बसलेल्या माणसाला हिशेब कशाला करायला लावता? तिसरा कोणाच्याच बाजूचा नाही, त्याला जेवायची घाई असते. मी बँकेच्या खिडकीमागे बरीच वर्षं काढली असल्यामुळे "काका, तुम्हीच सांगा" म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रश्न नाण्यांचा होता, म्हणून मी तो सोडला नाही.

आधी या खेळांचा वंशवृक्ष पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. संगणक नाही, काही नाही. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि तोंडाने गोष्ट रचत जायची. आजचे बहुतेक खेळ त्याचीच लेकरं. या खेळात नाणी पाच प्रकारची. तांबं, चांदी, सोनं, प्लॅटिनम आणि मधेच सोन्या-चांदीच्या मिश्रणाचं 'इलेक्ट्रम'. १९७८च्या नियमपुस्तकात दहा तांब्यांची एक चांदी, पण वीस चांद्यांचं एक सोनं, दोन इलेक्ट्रमचं एक सोनं आणि पाच सोन्यांचं एक प्लॅटिनम असा हिशेब दिलेला आहे. म्हणजे सोन्याच्या एका नाण्याला तांब्याची दोनशे. आपल्या एकशे ब्याण्णव पै आठवल्या की नाही?

पुढे त्यांनाही हे जड झालं. १९८९च्या आवृत्तीत तांबं, चांदी आणि सोनं दहाच्या पटीत आले आणि २००० साली प्लॅटिनमही त्याच रांगेत बसलं. आपल्याकडे सरकारने कायदा करून जे केलं, ते या कल्पनेतल्या राज्यात पुस्तकाच्या नव्या आवृत्तीने केलं.

संगणकावर खेळ आले तेव्हा दोन घराणी पडली. जपानी खेळांनी बहुधा एकच चलन ठेवलं. त्यांतल्या 'झेल्डा' या खेळातल्या चलनाचं नाव तर चक्क रुपी! त्याचा आपल्या रुपयाशी काही संबंध नाही, ती रंगीत रत्नं आहेत. हिरवं एकाचं, निळं पाचाचं, लाल विसाचं. तरीही आपल्याकडच्या पोरांना ते वाचून जरा छाती फुगवावीशी वाटते. २०११चा 'स्कायरिम' हा गाजलेला खेळ घ्या. एवढं मोठं साम्राज्य, पण भाकरीपासून वाड्यापर्यंत सारं एकाच सोन्याच्या नाण्यात. दुसऱ्या घराण्यातला २००४चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. त्यात शंभर तांब्यांची एक चांदी, शंभर चांद्यांचं एक सोनं.

या दुसऱ्या प्रकारातली मेख लक्षात घ्या. तिथे नाणी तीन दिसतात, पण आहे एकच. तुमच्याकडे शंभर तांबे झाले, की यंत्र आपणहून त्यांची चांदी करून टाकतं. मोड मागावी लागत नाही, दुकानदार कुरकुरत नाही, नाणं दाताखाली धरून पाहावं लागत नाही. रुपये आणि पैसे मधे टिंब देऊन लिहावेत, तसाच हा प्रकार. नवखा खेळाडू चार दिवस तांब्याकडे प्रेमाने पाहतो. मग सोनं हजारांनी जमतं आणि तांबं पडद्याच्या कोपऱ्यात नुसतं लुकलुकत राहतं, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

मी पहिल्याला म्हटलं, तुझी उतरंड अशी असणार असेल, तर दुसऱ्याचं खरं आहे. एकच नाणं ठेवा. उगाच तीन चित्रं काढायचे कष्ट कशाला?

पण खऱ्या जगात माणसाने एवढी नाणी पाडली ती काही शोभेसाठी नव्हे. आणि त्याचं कारण शोधायला रायपूरच्या माणसाला युरोपातल्या किल्ल्यांत जायची गरज नाही.

छत्तीसगडात गौरा-गौरी आणि मातरच्या दिवसांत राऊत नाचायला निघतात. त्यांच्या अंगावरच्या पेहरावाला कवड्या शिवलेल्या असतात. आज तो शृंगार आहे. एके काळी तो पैसा होता! मालदीव बेटांवरची कवडी जहाजांतून बंगाल-ओडिशाच्या बंदरांत उतरे आणि तिथून आतल्या मुलखात पसरे. पूर्वेकडच्या बाजारांत तिचा हिशेब असा असे: चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहन. म्हणजे काहनाच्या १,२८० कवड्या. चार काहनांना एक रुपया असा दर धरला, तर रुपयाच्या ५,१२० कवड्या होतात. खिशातला एक चांदीचा रुपया मोडला, तर घरी न्यायला टोपली लागावी!

कोणाला वाटेल, काय हा मागासलेपणा. मला तसं वाटत नाही. ज्या मुलखात मुठभर भाजी, चिमूटभर हळद, दिव्यापुरतं तेल विकत घेतलं जायचं, तिथे तेवढं लहान नाणं हवंच होतं. चांदीचा एवढा बारीक तुकडा पाडता येत नाही, पाडला तर बोटांत सापडत नाही. तांब्याचा पैसासुद्धा त्या खरेदीला मोठा. म्हणून कवडी. ती झिजत नाही, गंजत नाही आणि खोटी पाडता येत नाही. छत्तीसगडच्या खेड्यांत तर तिच्या जोडीला धान्यही चलनच होतं. आजही इथले जुने शेतकरी धान काठ्याने मोजतात. वीस काठ्यांची एक खांडी. आपली खंडी आणि ही खांडी सख्ख्या बहिणी.

मराठी भाषेने तर हा सगळा खजिना जपून ठेवलाय. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी, दमडी, छदाम, पै-पैचा हिशेब, सोळा आणे खरं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एकाही नाण्याला आज बाजारात किंमत नाही, भाषेत मात्र ती पूर्ण वजनाने चालतात. नीट पाहिलं, तर यात एक भेद आहे. लहान नाण्यांच्या नावावर सगळे अपमान आणि मोठ्यांच्या नावावर सगळी इज्जत. फुटकी कवडी भिकाऱ्याची, बंदा रुपया कर्त्या माणसाचा. नाण्यांची उतरंड होती तशी माणसांचीही होती आणि दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

गावातला मजूर सबंध आयुष्य कवड्यांत आणि पैशांत काढायचा. सावकाराच्या पेटीत रुपये असत. मोहरा आणि पुतळ्या दरबारात, देवळात, नाहीतर लक्ष्मीच्या गळ्यात. एकाच गावात राहून या तिघांचे पैसे वेगळे होते. आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायचं, तर मधे कोणीतरी बसलेला असे. सराफ! नाणं वाजवून पाहायचा, झीज मोजायची, आणि मग म्हणायचं, एवढा बट्टा पडेल. बट्टा म्हणजे नाणं बदलताना कापून घेतलेली रक्कम. आपण आजही "नावाला बट्टा लागला" म्हणतो, तो हाच.

मराठेशाहीत तर नुसता रुपया म्हणून भागत नसे. कोणता रुपया? अंकुशी, चांदवडी की नागपुरी? टांकसाळ वेगळी, चांदीचा कस वेगळा, भाव वेगळा. सरकारी खजिन्यात नाणं खरं की खोटं हे पारखायला पोतदार नेमलेले असत. आज ज्यांचं आडनाव पोतदार आहे, त्यांच्या घराण्यात कोणीतरी हे काम केलेलं असणार. पुढे १८३५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा आणि कसाचा रुपया पाडायला घेतला, आणि मग हळूहळू ही भानगड मिटत गेली.

पण मिटण्याआधी काय झालं, ते इथल्या माणसाला माहीत असायला हवं. छत्तीसगडावर तेव्हा नागपूरकर भोसल्यांचं राज्य. १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले रतनपुरात बसून कारभार पाहत. तिथल्या रामटेकडीवरचं देऊळ त्यांचंच. शेजारचा ओडिशाही भोसल्यांकडेच होता. १८०३ साली देवगावच्या तहात भोसल्यांना कटक प्रांत कंपनीच्या हवाली करावा लागला. तोवर तिथली रयत सारा कवड्यांत भरत असे. कंपनीला कवड्या नको होत्या. तिने चांदी मागितली.

आता त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याचं पीक तेवढंच आहे. बाजारात त्याला धान्याच्या बदल्यात कवड्याच मिळतात, कारण आजूबाजूच्या सगळ्यांकडे कवड्याच आहेत. पण साऱ्याच्या दिवशी कचेरीत रुपया हवा. म्हणजे सराफाकडे जाणं आलं. आणि जो तो कवड्या विकून रुपये मागायला लागल्यावर कवडी घसरली. चार काहनांत मिळणाऱ्या रुपयाला जास्त काहन पडू लागले. सारा कागदोपत्री वाढला नसला, तरी त्याच्या डोक्यावर तो वाढलाच. त्यातच जमिनी गेल्या, मीठ महागलं. १८१७मध्ये खुर्द्याला पाइकांनी जे बंड केलं, त्याच्या कारणांत इतिहासकार या कवडीचं नाव घेतात.

मला विचाराल, तर नाण्यांच्या उतरंडीची खरी गोष्ट ही आहे. नाणी किती, हा प्रश्नच नाही. एका नाण्याचं दुसरं करताना कोणाच्या खिशातून जातं, हा प्रश्न आहे. खेळ बनवणाऱ्यांना हे दाखवता येत असेल, तर तीन काय, त्यांनी सात नाणी ठेवावीत.

आणि असं दाखवणारे खेळ आहेतही. २०१५चा 'विचर' मालिकेतला तिसरा खेळ पोलंडच्या लोकांनी बनवला. त्यातला नायक युद्धाने पोळलेल्या मुलखातून हिंडतो. त्याला तीन राज्यांची तीन नाणी सापडतात, क्राउन, ओरेन आणि फ्लोरेन. पण दुकानदार घेतात फक्त क्राउन. बाकीची घेऊन नोव्हिग्राड नावाच्या शहरातल्या पेढीवर जावं लागतं आणि तिथे मिळेल त्या दराने बदलावी लागतात. मुलांनी मला हे दाखवलं तेव्हा त्या पेढीवरच्या बुटक्या सावकाराला पाहून मला हसू आलं. रायपूरच्या सदर बाजारात तो सहज खपून गेला असता.

दुसरी गोष्ट वजनाची. १९९९च्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात नाण्यांना वजन होतं. तांब्याच्या नाण्यांचा ढीग घेऊन निघालात, तर पाय जड पडायचे. मग बँकेत जाऊन त्यांची हलकी नाणी करून घ्यायची. पोरांना हे त्रासदायक वाटतं. मला मात्र पटतं. इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा. ऐंशी रुपयांचा एक शेर. तेव्हा हजार रुपये म्हणजे साडेबारा शेर चांदी, आजच्या हिशेबात जवळजवळ पावणेबारा किलो. लग्नात हजार रुपये रोख मोजणाऱ्याला ते खिशातून काढता येत नसत, हमालाच्या डोक्यावरून आणावे लागत. म्हणून तर हुंडी निघाली. या नायकांचं मला आश्चर्य वाटतं. पाठीवर लाखभर सोन्याची नाणी घेऊन ते झाडावर उड्या मारतात!

मोठं नाणं हवं ते यासाठी. पण त्या मुलांच्या वादात कोणी लहान नाण्याची बाजू घेत नव्हतं, म्हणून ती मी घेतली.

लहान नाणं मेलं, की काय होतं? १९५७चंच पाहा. जुना आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैशातला पाव कुठून आणायचा? तसं नाणंच नव्हतं. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास सरळ होत. अडचण एक, दोन, तीन आण्यांची. एक आण्याची वस्तू सहा पैशांना द्यायची की सात? आता पाव पैसा म्हणजे काही नाही असं तुम्ही म्हणाल. ज्याची सारी खरेदीच एकेक आण्याची, त्याला दर खेपेला हा पाव पैसा आडवा येतो. ज्याची खरेदी पन्नास रुपयांची, त्याला तो दिसतही नाही. सरकारने नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असं हिंदीत छापलं होतं. नाण्यानेच लोकांना गणित शिकवावं, ही कल्पना मला फार आवडते. १९६४मध्ये त्यातलं 'नया' गेलं आणि नुसता पैसा उरला.

मग एकेक करून तेही गेले. एक पैसा, दोन पैसे, तीन पैशांचं ते चिमुकलं अॅल्युमिनियमचं नाणं, पाच, दहा, वीस. ३० जून २०११पासून पंचवीस पैशांचं नाणंही चालेनासं झालं आणि चार आण्यांनी आपला निरोप घेतला. आठ आणे कायद्याने आजही चालतात. देऊन पाहा दुकानात! मधल्या काळात सुट्ट्या पैशांची एवढी टंचाई झाली, की दुकानदार रुपया-दोन रुपयांच्या जागी चॉकलेटच्या गोळ्या हातावर ठेवू लागले. आमच्या भागातल्या एका किराणावाल्याला एका काकूंनी अशा साठवलेल्या गोळ्या डबाभर परत नेऊन दिल्या आणि म्हणाल्या, "याची साखर द्या." त्याने घेतल्या नाहीत. म्हणजे गोळी हे एका बाजूनेच चालणारं चलन होतं. बट्टा शंभर टक्के!

खेळांतही हे घडलंय. २००० साली आलेल्या 'डायब्लो'च्या दुसऱ्या भागात सोनं एवढं बेसुमार झालं, की खेळाडूंनी एकमेकांशी व्यवहार करताना ते घेणंच सोडलं. त्याऐवजी 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची एक अंगठी चलन म्हणून धरली. अमुक चिलखताच्या तीन अंगठ्या, तमुक तलवारीच्या दहा. कोणी हुकूम काढला नव्हता. बनवणाऱ्यांनी एकच नाणं दिलं आणि ते निकामी झालं, तेव्हा माणसांनी आपलं आपण दुसरं पाडलं. कवडी तरी आणखी काय होती?

हे सांगितल्यावर एकाच नाण्याचा आग्रह धरणारा मुलगा म्हणाला, "काका, आता खरी नाणी तरी कुठे आहेत? चहावाल्याकडे फोन दाखवला की झालं." त्याचं बरोबर आहे. २०१६पासून फोनवरून पैसे द्यायची सोय झाली आणि गोलबाजारातल्या टपरीवरसुद्धा आता चौकोनी ठिपक्यांची पाटी टांगलेली असते. सतरा रुपये म्हणजे सतरा रुपये, सुट्ट्यांची भानगड नाही, गोळी नाही. सराफ नाही, बट्टा नाही. लहान खरेदीवाल्याला यासारखा न्याय इतिहासात क्वचितच मिळाला असेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण ज्याच्याकडे तो फोन नाही, तो अजून नाण्यांतच राहतो. दहा रुपयांचं नाणं खोटं आहे अशी हूल उठली आणि कितीतरी गावांत दुकानदारांनी ते घेणं बंद केलं. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये सांगावं लागलं, की या नाण्याची चौदा वेगवेगळी चित्रं आहेत आणि चौदाही खरी आहेत. तरी हमालाची, भाजीवालीची, मंदिराबाहेर बसणाऱ्याची नाणी पडूनच राहत. बँकेत आणली, तर मोजायला वेळ नाही असं ऐकावं लागे. मी त्याच खिडकीमागे बसणारा. तेव्हा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. कायद्यातही गंमत आहे. २०११च्या नाणी कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर देणं म्हणून धरली जातात, आणि आठ आणे दहा रुपयांपर्यंत. त्यापुढची चिल्लर घ्यायची की नाही, ही घेणाऱ्याची मर्जी. असा नियम एखाद्या खेळात घातला, तर खेळणारे म्हणतील, हे काहीतरीच!

तर माझा निवाडा असा. उतरंड ठेवा, पण यंत्राला मोड करू देऊ नका. गावच्या बाजारात कवडी आणि तांबंच चालू द्या. तिथे सोन्याचं नाणं दाखवणाऱ्याला भाकरीवालीने "सुट्टे नाहीत" म्हणून परत पाठवावं. राजाचा कारकून फक्त चांदी घेणारा असावा. मधे सराफ बसवा आणि साऱ्याचा दिवस जवळ आला, की त्याचा बट्टा वाढू द्या. नाण्यांना वजन द्या. आणि नायक एखाद्या गरीब गावाला मदत करून निघाला, की गावकऱ्यांनी त्याला टोपलीभर कवड्या द्याव्यात. घ्याव्यात की नाहीत, हे त्याचं त्याने ठरवावं. एवढं करायची तयारी नसेल, तर एकच नाणं ठेवा, कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

एक गोष्ट मात्र मी अट म्हणून घातली. नाण्यांवर ड्रॅगन नको. रायपूरला महंत घासीदास संग्रहालय आहे, १८७५ सालचं. तिकडे आधी एक चक्कर मारा. दक्षिण कोसलच्या शरभपुरीय राजांची सोन्याची नाणी पाहायला मिळाली तर पाहा. पत्रा एवढा पातळ, की मागून ठोकून पुढे गरुड उठवलेला, आणि मागची बाजू कोरी. सिरपूरला १९५०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हा आठव्या शतकातलं एक चिनी नाणं निघालं होतं. महानदीच्या काठी, चीनचं! गुहेतल्या खजिन्यात एखादं अनोळखी नाणं टाकायचं असेल, तर याहून चांगली कल्पना कोणाला सुचणार? रतनपूरच्या कलचुरी राजांची सोन्याची नाणी आहेत, त्यांवर हत्तीवर झेपावलेला सिंह. या राजांचे लेख वाचून, जुळवून जगापुढे मांडले ते नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी. १९५५ साली त्यांचा तो प्रचंड ग्रंथ निघाला.

आणि त्याच कलचुरींच्या तांब्याच्या काही नाण्यांवर हनुमान आहे. सिंह सोन्यावर, हनुमान तांब्यावर. तुमच्या खेळातलं सगळ्यात लहान नाणं हे करा.